अठरावी शाल

अठरावी शाल घडी न मोडताच कपाटात कोंबून कॅप्टन रणदिवे बाहेरच्या खोलीत येऊन बसले. पक्षी आदळून एक इंजिन बंद पडलेलं त्यांचं विमान सुखरूप उतरलं, त्याला सहा महिने झाले होते. पण सत्कार काही संपत नव्हते, आणि तोच किस्सा सांगून सांगून त्यांच्या तोंडाला फेस आला होता.

समोर बसलेल्या अकरावीतल्या मुलीला विमानांचं वेड होतं आणि कॉलेजच्या अंकासाठी मुलाखत हवी होती. भीती वाटली का, देव आठवला का, या दोन्ही प्रश्नांची ठरलेली उत्तरं त्यांनी जिभेवर आणून ठेवली.

तिनं वही उघडली. “सर, अशा वेळी एक जण विमान उडवतो आणि दुसरा चेकलिस्ट वाचत एकेक गोष्ट करत जातो ना? मग तुमच्या दोघांत उडवत कोण होतं?”

मंत्र्यांपासून सोसायटीच्या अध्यक्षांपर्यंत कुणालाच हे विचारावंसं वाटलं नव्हतं, आणि आपणहून सांगायचं कॅप्टननी दर वेळी पुढच्या सत्कारावर ढकललं होतं.

“मी चेकलिस्ट वाचत होतो,” ते थकलेल्या आवाजात म्हणाले. “विमान माझ्या सहवैमानिकेच्या हातात होतं. उतरवलंही तिनंच.”

मुलीचं पेन थबकलं. “सर, हे छापू?”

“छाप गं.” त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले. “पहिल्या सत्काराला ती पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवत होती. दुसऱ्यापासून ती आलीच नाही.”