मालकांची पसंती

“नक्षीतल्या पानांचा निळा रंग गडद झालाय,” मालक म्हणाले आणि त्यांनी कप बशीत पालथा घातला. पालथा कप म्हणजे नापसंत, हे आता कुणाला सांगावं लागत नव्हतं.

कॉपीबाईंनी कपाळाला हात लावला. संग्रहालयातल्या जुन्या वस्तूंच्या प्रतिकृती करून घेणं आणि विकणं हे त्यांचं काम. म्हणून पहारेकऱ्यांनी त्यांना हे नाव ठेवलं, आणि ते असं चिकटलं की त्या स्वतःही फोनवर “कॉपीबाई बोलतेय” म्हणू लागल्या.

मालक आता तसे कशाचेच मालक नव्हते. आई मोठी गायिका. तिच्या माघारी तिचं घर त्यांनी संग्रहालयासाठी देऊन टाकलं आणि स्वतः मागच्या गल्लीतल्या दोन खोल्यांत राहायला गेले. देताना अट एकच घातली: आईच्या वस्तूची नक्कल विकायची तर आधी ती माझ्या हातात द्यायची, आणि मी हो म्हटल्याशिवाय विकायची नाही. गुडघ्यांमुळे जिना चढणं बंद झाल्यापासून ते त्या घरात फिरकले नव्हते. पण रियाजाआधी आई ज्या कपातून कोमट पाणी प्यायची, त्याच कपातून तिच्या मांडीवर बसून त्यांनी दूध प्यायलं होतं. तो कप बोटांना पाठ आहे, असं ते म्हणत.

“बरं, पुन्हा करू,” मावशी हसत म्हणाल्या. कप घडवणाऱ्या त्याच. नवरा गेल्यापासून मातीकामाचा कारखाना एकट्या सांभाळत होत्या. एवढ्या खेपा झाल्या, पण बाई एकदाही वैतागली नाही. उलट इथे यायचं म्हटलं की हातांची माती घासूनपुसून, चांगले कपडे घालून तयार. कॉपीबाईंना त्यांच्या सोशिकपणाची कमाल वाटे.

“पुढच्या आठवड्यात याल ना?” मालकांनी मावशींना विचारलं. “चहाबरोबर काहीतरी आणून ठेवतो.”

आणि मग दोघं बागेतल्या कुंड्यांवर बोलत बसले ते बसलेच. कॉपीबाई आपल्या घड्याळाकडे बघत राहिल्या.

त्यांचा जीव टांगणीला लागला होता. संग्रहालयाचं नवं दुकान उघडायला आलं होतं, जाहिरातीत हाच कप छापला होता, आणि मधली फळी रिकामी होती. कप वेळेत आला नाही तर सगळं काम बाहेरच्या कंपनीला देऊ, असं संचालकांनी साफ सांगितलं होतं. मग आईंच्या तानपुऱ्याच्या आकाराच्या प्लॅस्टिकच्या किल्लीसाखळ्या आल्याच म्हणून समजा.

घरी गेल्यावर त्यांनी नवऱ्यापुढे गाऱ्हाणं मांडलं. तो जेवता जेवता ठसका लागेपर्यंत हसला.

“अगं वेडाबाई, तुझे मालक कप बघायला बोलावत नाहीत. कपवालीला बघायला बोलावतात!”

कॉपीबाईंच्या डोक्यात लख्ख उजेड पडला.

दुसऱ्या दिवशी त्यांनी जे केलं ते करायला छाती लागते. संग्रहालयाचं काचेचं कपाट उघडलं, आतला अस्सल कप कापसात गुंडाळला, आणि एकट्याच मालकांकडे गेल्या.

“बाई नाही आल्या?” मालकांचा पहिला प्रश्न.

“त्यांना काम आहे. तुम्ही कप बघा ना.”

मालकांनी डोळे मिटले. कडेवरून, पोटावरून बोटं फिरवली, कपाच्या कानात तर्जनी घातली. “कान वर बसलाय, पोरी. बोट अडकतंय.” आणि कप पालथा.

“पकडलं!” कॉपीबाईंनी टाळीच वाजवली. “मालक, हा कपाटातला आहे. तुमच्या आईंचा, अस्सल!”

मालकांनी कप पुन्हा सुलटा केला. कानात बोट घातलं, काढलं, पुन्हा घातलं. चोरी पकडली गेल्यावर माणूस कसा चाचपडतो ते बघून कॉपीबाईंना गुदगुल्या होत होत्या.

“मग माझ्या बोटांवर आता भरवसा ठेवण्यात अर्थ नाही,” ते शेवटी म्हणाले. “मागचे सगळेच पसंत आहेत असं लिहून घे, सही करतो. आणि बाईंना सांग, उगीच हेलपाटे घातले त्यांना. आता यायची तसदी घेऊ नका म्हणावं.”

काय पण बहाणा! सही घेऊन कॉपीबाई तडक कारखान्यात पोचल्या. दुकान वाचलं होतं, किल्लीसाखळ्या टळल्या होत्या, आणि शिवाय कुणाचं तरी जमवून द्यायचं पुण्य पदरात पडणार होतं. आनंदाला नुसतं उधाण आलं होतं.

“मावशी, म्हातारा तुमच्यावर भाळलाय!” त्यांनी दारातूनच सांगितलं. “तुम्ही पुन्हा पुन्हा यावं म्हणून नाटक चाललं होतं. अहो, मी आज अस्सल कप दिला तर तोही नापसंत! म्हणे कान वर बसलाय!”

मावशी आधी लाजून हसल्या. मग त्यांनी फिरतं चाक थांबवलं. “आणि पुढे काय म्हणाले?”

“सारवासारव केली. म्हणे बोटांवर भरवसा उरला नाही. सही देऊन टाकली बिचाऱ्यांनी.”

मावशी चटकन उठल्या. हात धुतले. वरच्या फळीवरून मऊ कापडात बांधलेलं काहीतरी अलगद काढून त्यांनी कॉपीबाईंच्या ओंजळीत ठेवलं.

“चल, आत्ताच्या आत्ता जाऊन त्यांना सांगू. त्यांची बोटं अगदी शाबूत आहेत. हा घे आईंचा कप. साच्यासाठी नेला होता ना, तेव्हा मी परत केला तो माझा होता.”

“मावशी! पण का?”

मावशी आरशासमोर केस नीट करत होत्या.

“अगं, दर खेपेला नेमकी एक चूक मीच ठेवत होते; त्यासाठी अस्सल कप हाताशी हवा होता. पहिल्याच दिवशी बरोबर कप दिला असता, तर पुन्हा त्यांच्याकडे कोण नेणार होतं मला?”