आठ रिंगा

ट्रेमध्ये इंजिनात पेट्रोल फवारणारे चार जुने इंजेक्टर होते, आठ जुन्या रबरी रिंगा, एक बोल्ट आणि चघळून चघळून कुंचला झालेली एक आगकाडी. पुतण्याने हातमोजे चढवले, मास्क नाकावर ओढला आणि काडी चिमटीत धरून कचऱ्यात टाकली.

"माझी होती ती," काका म्हणाले.

"माहितीये. म्हणूनच टाकली."

समोर उभ्या असलेल्या गाडीला नवे इंजेक्टर काकांनी काल बसवले होते. प्रत्येकाला दोन रिंगा, एकूण आठ. पुतण्या विज्ञानाचा पदवीधर. बाबांचे गुडघे धरल्यापासून गॅरेज तोच बघत होता. त्याने नवा नियम केला होता: काम झालं की इंधनाचा दाब मोजायचा, दहा मिनिटं थांबायचं, पुन्हा मोजायचा. त्यासाठी आकडे दाखवणारा मीटर त्याने परवाच आणला होता.

इंजिन बंद केलं तेव्हा दाब साडेतीन बार होता. दहा मिनिटांनी एक पूर्णांक दोन.

"गळतंय."

"अरे, एका चावीत उठते की गाडी! गळत असतं तर सकाळी घरघर करत बसली असती."

"तुमच्या कानापेक्षा आकडा बरा."

गेल्या महिन्यात काकांनी केलेल्या दोन गाड्या परत आल्या होत्या. "आता खोट निघाली तर किल्ली ठेवून घरी बसेन," असा शब्द त्यांनी बाबांना, म्हणजे स्वतःच्या थोरल्या भावाला, दिला होता.

पुतण्याने टाकीकडून येणारी नळी चिमट्याने आवळली. दाब तरीही पडला, म्हणजे दोष पंपाचा नव्हता. चारही इंजेक्टर उचलून त्याने तोंडाखाली कोरे कागद धरले. कागद कोरडेच राहिले, म्हणजे इंजेक्टरचाही नव्हता. ते जागच्या जागी बसवून त्याने वही उघडली. उरल्या रिंगा. तिथून झिरपलेलं पेट्रोल गरम इंजिनावर उडून जात असणार.

"रिंगांना काय लावलंत?"

काका इकडेतिकडे बघू लागले.

"तेल लावलंत ना?"

"डबा कोण शोधत बसणार?" काकांनी अंगठा जिभेला टेकवला आणि हवेतच रिंग फिरवून दाखवली. "चाळीस वर्षं अशाच बसवतोय. गुळगुळीत जातात."

त्या अंगठ्याच्या नखात आठवड्याचं ग्रीस होतं.

"शी! लोकांच्या गाडीत थुंकता तुम्ही?"

"थुंकत नाही रे शास्त्रज्ञा, ओलं करतो."

"किळस येते हो, काका. खरंच सांगतो."

नवा मीटर जिथे नळीला जोडला होता, त्या जोडाखाली काकांनीच ठेवलेलं मळकं फडकं ओलं झालं होतं. ते कशाने, हे पुतण्याला जाणून घ्यायचं नव्हतं. मास्कमुळे वास येत नव्हता तेवढं बरं. दोन बोटांत धरून त्याने ते काडीमागोमाग टाकलं.

"माझ्या मीटरवर बघ की एकदा," काका म्हणाले.

काट्याचा तो मीटर भिंतीवर खिळ्याला लटकत होता. काच पिवळी, नळी चिकट, आणि चिकट्यात अडकलेला एक पांढरा केस.

"त्यापेक्षा मी गटारात हात घालेन."

काकांनी खिशातून गॅरेजची किल्ली काढली आणि जुन्या रिंगांशेजारी ट्रेमध्ये ठेवली. "बघ बाबा मग तूच," म्हणाले आणि जेवणाचा डबा उचलून निघून गेले.

पुतण्याने रिंगा काढायला पाना उचलला तोच फोन वाजला.

"किल्ली ठेवली म्हणून त्याचा फोन आला होता. गेला का तो?" बाबांनी विचारलं.

"गेले. आता खोलतोय."

"थांब. खोलण्याआधी त्याच्या मीटरवर एकदा माप. पोराच्या मशीनने मला घालवलं, असं उद्या गावभर सांगत फिरायला नको."

"बाबा, फार घाणेरडा आहे तो."

"हातमोजे आहेत ना?"

श्वास रोखून त्याने मीटर खिळ्यावरून उतरवला. नवा काढून तो लावला. जोडाखाली धुतलेलं पांढरं फडकं ठेवलं. गाडी एका चावीत सुरू झाली. त्याने ती बंद केली, काट्यावरचा साडेतीन बारचा आकडा वहीत लिहिला आणि घड्याळ लावलं.

दहा मिनिटांनी हे फडकं कोरडंच होतं. दाब साडेतीन बार.