ठिपक्यांतले आकडे

"पण आकडा कुठंय? नुसते ठिपकेच तर आहेत," पिटुकली म्हणाली.

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी रंगीत ठिपक्यांचं पुस्तक मिटलं. "हिला लाल-हिरव्यातला फरक कळत नाही. मुलींमध्ये हे फार क्वचित. त्यासाठी दोष आईकडून आणि बापाकडून, दोघांकडून यावा लागतो."

"माझ्या वडिलांना होतं तसं," पिटुकलीची आई चटकन म्हणाली. "म्हणजे माझ्याकडून आलाच."

"बरोबर. बाईमध्ये तो झाकलेला राहू शकतो. पुरुषात नाही राहत. म्हणजे हिच्या बाबांनाही हे रंग कळत नसणार."

सासूबाई खिडकीशी उभ्या मुलाकडे बघून फिस्सकन हसल्या. "अहो बाई, माझा मुलगा आगगाडी चालवतो! लाल-हिरवे दिवे बघूनच तर आमचं पोट चालतं. दरवर्षी ह्याच पुस्तकावर तपासणी होते त्याची. बारा वर्षांत एकदा चुकलेला नाही."

डॉक्टरीणबाईंनी खुणेनंच नर्सला पिटुकलीला बाहेर न्यायला सांगितलं.

सासूबाईंचं हसू ओठांवरच आटलं. त्यांनी सुनेला नखशिखांत न्याहाळलं. "मग ही पोर कुणाची गं?"

"आई, काय बोलताय!" तिचे कान तापले. ती नवऱ्याकडे वळली. "अहो, तुम्ही तरी बोला ना."

तो खिडकीबाहेर बघत होता.

"त्याला कशाला मध्ये ओढतेस?" सासूबाई डॉक्टरीणबाईंकडे वळल्या. "बाई, त्याचेही डोळे तपासा. एकदाचा सोक्षमोक्ष लावून टाका."

"कशाला उगाच," तो पुटपुटला. पण येऊन खुर्चीत बसला.

तिनं पर्सचा पट्टा घट्ट धरला. परक्या पुरुषाचा विचारही तिच्या मनाला कधी शिवला नव्हता. नवरा आकड्यांत चुकला, तर त्याची नोकरी जाणार होती. नाही चुकला, तर तिचा संसार.

डॉक्टरीणबाई त्याच्यासमोर एकेक पान धरू लागल्या.

"बारा," तो म्हणाला. "आठ. सहा. एकोणतीस. सत्तावन्न."

ना अडखळणं, ना डोळे बारीक करणं.

"झालं समाधान?" सासूबाई ताडकन उठल्या. "चल रे. पोर हिची, हीच बघेल."

डॉक्टरीणबाई जागच्या हलल्या नाहीत. "आकडे अगदी बरोबर आहेत," त्या त्याला म्हणाल्या. "पुस्तकातला क्रमसुद्धा. फक्त आज मी पुस्तक शेवटच्या पानापासून दाखवत होते."