खुंट उपटले त्या दिवशी

"या हिवाळ्यात कापायचंच, वहिनी," सान्ते टोपी न काढताच म्हणाला. "नुसतं कापायचं नाही, खुंटही उपटायचे. वीजघराला जळणाचं लाकूड पुरवायचा करार संपला. आता तिथे मका लावू."

दिर्चे मक्याच्या पिठाचा पोलेंटा ढवळत होती. ढवळतच राहिली.

"अजून एक वर्ष राहू दे ना, भाऊजी. खोडं भरतील."

"गेल्या हिवाळ्यातही हेच म्हणालात. त्याच्या आदल्याही. दर दोन वर्षांनी पॉपलर कापावं, खुंटाला धुमारे फुटू द्यावेत, हा हिशेब आमच्या लेआर्कोनंच घालून दिला होता. आता चौथं वर्ष आहे. आणखी जाड झालं तर कापणीवाल्या जिल्दोचं यंत्र त्याला दात लावणार नाही."

"मग राहू दे."

"राहू कसं दे? अर्धं रान माझं आहे."

दिर्चेने उजव्या हाताने भांडं उतरवलं. तिच्या डाव्या मनगटाचं हाड तिरकं जुळलं होतं. जिन्यावरून पडले, असं ती सांगायची. ती दोनदा पडली होती. त्या घराच्या जिन्याला चारच पायऱ्या आहेत, हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं, पण तिच्या नवऱ्याच्या, लेआर्कोच्या तोंडावर ते कुणी म्हटलं नव्हतं.

अडीच वर्षांपूर्वी, जूनमध्ये, लेआर्को नाहीसा झाला. गाडी अंगणात, बूट दारात, माणूस नाही. बारमध्ये कुणी म्हणालं, बाई घेऊन पळाला. कुणी म्हणालं, नदीत गेला. फौजदार आले तेव्हा पॉपलर माणसाच्या वर गेलं होतं आणि पानं इतकी दाट, की दोन ओळींपलीकडचं दिसेना. ते कडेकडेने फिरून परतले. शहरातून पोलिसांची माग काढणारी कुत्री यायची होती. ती यायच्या आत पो नदीला पूर आला. बांधाच्या आतलं सगळं रान पाण्याखाली गेलं, वर गाळ बसला. कुत्री नुसती शिंकून गेली.

तेव्हापासून गाव म्हणायचं, जे काय असेल ते त्या पॉपलरमध्ये असेल. दिर्चे कापणी लांबवते याचं कुणाला नवल वाटत नव्हतं. कुठल्या बाईला नवऱ्याची हाडं बघायची असतात?

जानेवारीत जिल्दो यंत्र घेऊन आला. धुकं होतं. दिर्चे शाल लपेटून बांधावर उभी राहिली.

"काकू, हे झाड आहे की माझा मेहुणा?" जिल्दो वरून ओरडला. "चार वर्षं खाऊन फुगलाय आणि जागचा हलत नाही!"

ती हसली नाही.

यंत्र ओळीत शिरलं. खोडं बुंध्याशी कापली जात होती आणि उभीच आत ओढली जात होती. दुसऱ्या तोंडातून ढलप्यांचा पांढरा फवारा ट्रॉलीत पडत होता. ओल्या लाकडाचा कडवट वास सुटला.

फौजदारही आले. खिशात हात घालून तिच्या शेजारी उभे राहिले.

"तुम्हाला कुणी सांगितलं?" तिने विचारलं.

"मीच बोलावलं," मागून सान्ते म्हणाला. "बघू दे त्यांना एकदाचं, वहिनी."

दिर्चेने त्याच्याकडे पाहिलं. त्याने नजर चुकवली नाही.

दुसऱ्या दिवशी खुंट उपटायचं यंत्र आलं. ते मुळांसकट जमीन खोलवर उसकटत होतं. फौजदार आणि सान्ते त्याच्या मागोमाग चालत होते. सान्तेच मधूनमधून थांबायचा, ढेकळं पायाने फोडायचा, "इथे बघा, साहेब," म्हणायचा. दिर्चे बांधावरून हलली नाही. दुपारी कुणीतरी तिला कॉफी आणून दिली. ती तिच्या हातात थंड झाली.

सायकलचं एक चाक निघालं. शिकाऱ्यांची काडतुसं निघाली. बाकी मुळंच मुळं.

शेवटची ओळ झाली तेव्हा दिर्चे ओल्या गवतात मटकन बसली. जिल्दोने धावत जाऊन तिला धरलं. "सुटलात, काकू! म्हणजे आहे तो कुठेतरी. जिवंत आहे."

फौजदारांनी टोपी काढली. "माझ्यापुरतं हे प्रकरण मिटलं, बाई. पुन्हा त्रास देणार नाही."

सगळे गेले. सान्ते तेवढा स्वयंपाकघरात आला आणि विस्तवापाशी बसला. दिर्चेने सवयीने दोन वाडग्यांत सूप वाढलं. तिला काही वाटत नव्हतं. भीती नाही, सुटका नाही. नुसते हात चालत होते.

"मका कधी पेरायचा?" तिने विचारलं.

"एप्रिलमध्ये."

त्याने पाव मोडला. अर्धा तिच्यापुढे सरकवला. तिने तो उचलला नाही.

"वहिनी," तो हळू आवाजात म्हणाला, "दोन दिवस तुम्ही कालव्याजवळच्या एकाच ओळीकडे बघत होतात. चारचौघांत पुन्हा कधी तिकडे बघू नका. तिथून मी त्याला पुराच्या आधीच काढला होता."