बिनआकड्याचा फोल्डर

बीट्रिस टीचरच्या पत्राला बाबुरावांनी अजून उत्तर दिलं नव्हतं, आणि आता गणपतीचं विसर्जनही झालं होतं.

पत्र पोस्टाने आलं होतं. टीचर परळला राहायच्या, बाबुराव डिलाईल रोडच्या चाळीत. रोज दुपारी वाचनालयात दोघांची भेट व्हायची. तरी पत्र पोस्टाने. "माझी लेक व्हेनेसा मला कायमची मेलबर्नला बोलावतेय. दिवाळीआधीचं विमान आहे. तुम्ही थांबा म्हणालात तर थांबेन. तोंडावर बोलणं तुम्हाला जमायचं नाही, तेव्हा लिहूनच द्या."

लिहिणं बाबुरावांना जमायला हवं होतं. छापखान्यात त्यांनी आयुष्यभर दुसऱ्यांची प्रुफं तपासली होती. चौदा एप्रिलला चाळीतल्या कार्यक्रमाचं भाषण ते लिहून द्यायचे आणि वाचायला दुसऱ्या कुणाला उभं करायचे. पण हे उत्तर जमेना. सत्तरी ओलांडलेल्या, एका कानाने अधू विधुराने कुणाला थांबवायचं म्हणजे काय? लोकांचं सोडा. चार दिवसांत त्याच कंटाळल्या तर?

टीचर पत्राबद्दल अवाक्षर काढत नव्हत्या. शाळेत कॉम्प्युटर शिकवून त्या निवृत्त झाल्या होत्या, आणि वाचनालयाची वेबसाइट त्यांनीच उभी केली होती. जाण्याआधी ती बाबुरावांच्या हाती सोपवायची होती.

"घाबरायचं काय त्यात?" त्या म्हणाल्या. "डेटाबेस नाही, भानगड नाही. हा एक फोल्डर म्हणजे आपली अख्खी साइट. आत फाइल ठेवली की पान झालं. काढली की गेलं."

"आणि चुकून भलतंच काही दिसलं तर?"

"फोल्डरच्या नावाआधी आकडा असेल तर तो यादीत येतो. आकडा नसला तर लोकांना दिसत नाही. अर्धवट लिहिलेलं तसंच ठेवायचं."

हे बाबुरावांना पटलं. पुस्तकाच्या पाठीवर नंबर चिकटवल्याशिवाय ते तरी कुठे फळीवर जातं? ते दर आठवड्याला एका जुन्या पुस्तकावर टिपण लिहू लागले. मुखपृष्ठांचे फोटो टीचर घरूनच फोल्डरमध्ये घालायच्या. दुसऱ्या दिवशी पान सजलेलं दिसायचं.

मग एका दुपारी त्यांनी आकडा न घालता एक फोल्डर केला. नाव दिलं 'इतर'. त्यात उत्तर लिहून पाहिलं.

ते पार भरकटलं. "तुमच्या चहात आलं फार असतं. मला ठसका लागतो. तरी मी दुसरा कप मागतो, कारण तो संपेपर्यंत तुम्ही उठत नाही." वाचून त्यांचे कान तापले. असलं कुणाला पाठवतात का? पण पुसवेना. फाइल तशीच राहिली.

पुढच्या दिवशी थर्मासमधला चहा सौम्य होता.

"आलं संपलं वाटतं?"

"महाग झालंय," टीचर म्हणाल्या.

दुसरं उत्तरही उत्तर नव्हतंच. "तुम्ही डाव्या हाताला बसता. त्या कानाने मला ऐकू येत नाही. मी नुसता हसतो. तुमचं निम्मं बोलणं असं वाया गेलं."

त्याच आठवड्यात टीचरनी खुर्ची उजवीकडे ओढून घेतली. "तिकडे पंखा डोक्यावर येतो," म्हणाल्या.

वाचनालयाचा शिपाई सीताराम रजिस्टरावरून बघत होता. टीचर गेल्यावर म्हणाला, "बाबुराव, पुढे माझ्या हातचा चहा. सवय करा आत्तापासून."

"कधी जातायत, काही बोलल्या?"

"मला काय विचारता? रोज गप्पा तुम्ही ठोकता. तोंड उघडून विचारा की राव!"

बाबुराव कपाटांमधून फेऱ्या मारत राहिले. एक पुस्तक काढायचे, न उघडता परत ठेवायचे.

शेवटी टीचरच म्हणाल्या, "व्हेनेसा रोज विचारते, मम्मी सामान बांधलं का."

"मग?"

"मग काय. बॅगा माळ्यावरून काढल्यात."

त्या उठून गेल्यावर बाबुरावांनी एका बैठकीत तिसरं उत्तर लिहिलं. "जा. मुलीजवळ राहण्यातच शहाणपण आहे. माझ्यासाठी थांबू नका." यात भरकटणं नव्हतं. नीट, नेटकं उत्तर. कागदावर उतरवलं की पोस्टात टाकायचं. त्यांनी कॉम्प्युटर बंद केला, पण कागद काही घेतला नाही.

दुसऱ्या दिवशी टीचर आल्या नाहीत.

"डोकं दुखतंय म्हणाल्या फोनवर," सीताराम म्हणाला.

उजवीकडची खुर्ची रिकामी होती. बाबुराव बसले, उठले, पुन्हा बसले. म्हणजे दिवाळीनंतर रोज हेच. त्यांनी खणातून आंतरदेशीय पत्र काढलं आणि मधोमध लिहिलं, "थांबा." प्रूफ तपासावं तसं पुन्हा वाचलं. दुरुस्त करण्यासारखं काही सापडलं नाही.

कोपऱ्यावरच्या लाल पेटीशी ते पोहोचले, तर समोरून टीचरच येत होत्या. डोळे सुजलेले.

"कोणाला पत्र?"

"तुम्हाला."

"मग हातात द्या."

"नको. पोस्टाने येऊ दे. पण... विमानाचं तिकीट?"

"ते मी बघेन. काय लिहिलंय?"

"एकच शब्द."

"बरा आहे?"

"बरा आहे."

"मग टाका. पेटीपर्यंत नेऊन परत खिशात घालाल तुम्ही. मी उभी आहे इथे."

बाबुरावांनी पत्र आत सोडलं. ते तळाशी पडल्याचा आवाज त्यांना चक्क ऐकू आला.

"टाकलंत?"

"टाकलं."

"आता कालचं ते 'जा' काढून टाका," बीट्रिस टीचर म्हणाल्या. "आल्याचं तेवढं राहू द्या."