रविवारची शाळा

"सलग पाच रविवार तुमी उपासनेला न्हाईत, मास्तर," गहिनीनाथ पाळक बाजेवर बसत म्हणाले. "देवाला काय सांगू मी?"

"सांगा, निजामाची सुट्टी शुक्रवारी असती म्हून," शहादेव करवादला.

खोटं काय होतं त्यात? सरकारी शाळा शुक्रवारी बंद आणि रविवारी चालू. मिशनचं देऊळ भरायचं रविवारीच, तेही नेकनूरपासून दोन कोसावर. त्यात शहादेव कायमचा मास्तरही नव्हता. अर्जुनराव मास्तर हिवतापानं घाटनांदूरला सासुरवाडीत पडलेले, त्यांच्या जागेवरचा हा दीड महिन्याचा एवजी. एवजीनं एक दिवस दांडी मारली की घरचा रस्ता. आणि तशीही येत्या रविवारी मुदत संपत होती. सोमवारी अर्जुनराव परत येणार आणि हा पुन्हा रिकामा.

"म्हून तर आलोय," पाळक म्हणाले. "या रविवारी जालन्याचे साहेब येनार हायेत. मिशनच्या शाळेला मास्तर पायजे. पैल्या रांगेत बसा. दिसला न्हाईत तर माझा इलाज न्हाई."

पाळक गेले आणि शहादेवानं कपाळावर हात मारला. "नेमका रविवार! बायना, दोन डगरींवर पाय ठेवू तरी कसा?"

बायना ही त्याची बायको. नगरच्या मिशन बोर्डिंगात शिकलेली. चूल फुंकत म्हणाली, "बघू की. तुमी आधी नोकरीच्या दरखास्ती लिहा."

लिहिल्या बापड्यानं. चार गावांच्या शाळांसाठी चार. अक्षर कोंबडीच्या पायाचं, पण मजकूर चोख.

बुधवारी बायनानं एक कोरा कागद मागितला.

"कशाला?"

"मायला चिठ्ठी लिहिते."

"तुझ्या मायला वाचाया येतं का? कागद काय झाडाला लागत्यात?" तो खेकसला. मग त्याचं त्यालाच वाईट वाटलं आणि त्यानं कागद दिला.

घरात म्हातारीचं, दगडाबाईचं, वेगळंच पालुपद. "लेक बसतो दुसऱ्याच्या खुर्चीवर, सून जाती पाटलाची पडवी सारवाया. काय घरानं हाय माझं!"

पडवीचं मात्र खरं होतं. वच्छलाबाई पाटलीण रोज दुपारी बायनाला बोलावून घ्यायची. पडवी सारवली, चुना मारला, नव्या चटया आल्या. पाटलाकडं लग्न निघालं असेल, असं शहादेवाला वाटलं. ज्याच्या घरी लग्न त्यानं खपावं ना, माझी बायको कशाला?

शुक्रवारी तो पहाटेच बीडला निघाला. दरखास्तींचं पुडकं बायनानं सुतळीनं नीट बांधून हातात दिलं. बीडला पोचेपर्यंत पायांचे तुकडे पडले, आणि पोचल्यावर बघतो तर शिक्षणखात्याच्या कचेरीला कुलूप. शुक्रवार! याला सुट्टी तशी कचेरीलाही सुट्टी. स्वतःला चार शिव्या हासडून तो कारकुनाचं घर शोधत गेला.

आप्पाराव कारकून अंगाला तेल चोळत ओसरीवर बसले होते. "सध्या जागा एकच आहे," ते म्हणाले, "आणि ती तुमच्या कामाची नाही."

कुणाच्या तरी भाच्याला द्यायची असणार, शहादेवाच्या मनात आलं. तरी त्यानं पुडकं पुढं केलं. आप्पारावांनी एकेक कागद चाळला. शेवटचा दोनदा वाचला, शहादेवाकडं पाहिलं आणि हसले. "अक्षर मोठं वळणदार आहे हो! शाळा तपासणारे साहेब उद्याच दौऱ्यावर निघतायत. त्यांच्या हातात देतो."

कोंबडीच्या पायाला वळणदार म्हणतो लेकाचा! शहादेव जळफळत घरी आला.

"अन् साहेब दौऱ्यावर हाय!" तो बायनाला म्हणाला. "रविवारी हितंच टपकला तर? मेलो मी!"

"आला तर पोरं पाढे म्हनतील. तुमी देवळात जावा. शाळा मी बघते."

दुसरा मार्ग तरी कुठं होता? रविवारी सकाळी त्यानं टोपी चढवली. बायना देवळात नेसायचं हिरवं लुगडं नेसून तयार.

"हे शाळंत कावून?"

"पोरांनी मास्तर मानावं म्हून," ती म्हणाली.

देवळात तो पहिल्या रांगेत बसला. पाच गीतं झाली, लांबलचक प्रार्थना झाली. जालन्याच्या साहेबांचा पत्ता नाही. शेवटी निरोप आला की साहेबांना ताप आला आहे. पाळकांनी दानाची थाळी शहादेवाच्याच हातात दिली. "आलाच हाय तर फिरवा," म्हणाले.

तो तणतणत घरी परतला. "शाळंत कुनी आलतं का?"

"पोरं आलती."

"अन् आनखी?"

"हात धुवा. भाकरी निवायली."

सोमवारी अर्जुनराव गुबगुबीत होऊन परतले आणि खुर्चीत बसले. मंगळवारी दारात कचेरीचा चपराशी उभा राहिला. हातात लाखेचा लिफाफा. रविवारची दांडी कळली म्हणायची! आता एवजी म्हणूनही कुणी दारात उभं करणार नाही.

"वाच रं, काय इघ्न आलं ते," दगडाबाई ओरडली.

त्यानं लाख फोडली. उर्दू मजकूर अडखळत, मराठी करत मोठ्यानं वाचू लागला. "आलेल्या दरखास्तीवरून... आणि रविवारी साहेबांनी वर्गात समक्ष पाहिलेल्या कामावरून... नेकनूरला पाटलांच्या पडवीत निघणाऱ्या मुलींच्या शाळेवर... कायम मास्तरीण म्हणून... बायनाबाई शहादेव..."

तो थांबला. पुन्हा पहिल्यापासून वाचलं. नाव तेच.

"दरखास्त?" त्यानं विचारलं. "तुझी? ती कवा गेली बीडला?"

बायना लुगड्याला हात पुसत उंबऱ्यात आली.

"शुक्रवारी," ती म्हणाली. "तुमीच तर नेऊन दिली."