जिन्याखालची सायकल

"अध्यक्षसाहेब, तुम्ही चोर आहात. कुलूप फोडून नेणारा परवडला, तो निदान आधी नियम वाचून दाखवत नाही."

शिलाईवाल्या काकू हे सगळ्या इमारतीसमोर बोलल्या. हळू बोलणं त्यांना कधी जमलंच नव्हतं. पायमशीनच्या खडखडाटावर बोलून बोलून गळा तसाच झाला होता. बघता बघता गॅलऱ्या भरल्या. भंगारवाल्याने सायकलच्या दांडीवरचा हात काढून घेतला आणि आपला इथे काही संबंध नाही अशा चेहऱ्याने तो हातगाडीला टेकून उभा राहिला.

इमारतीच्या कमिटीचा नियम सुटसुटीत होता. जिन्याखालचं जे वाहन चालत नाही ते भंगार. नियम करणाऱ्या एकाही शहाण्याची कवडीची वस्तू जिन्याखाली नव्हती, त्यामुळे तो एकमताने पास झाला.

सायकल काकूंच्या धाकट्या भावाची. डोंगरात चालवायची, जाड टायरांची, गियरवाली. ज्या काळात असली सायकल बघायला पोरं गोळा व्हायची, त्या काळातली. नोकरीसाठी दूर गेला तेव्हा ती बहिणीच्या गळ्यात मारून गेला, आणि ती जिन्याखाली गंजत पडली. मग काकूंना टेकडीपलीकडच्या कपड्यांच्या दुकानाचं काम मिळालं. गाठोडं घेऊन टेकडी चढायची म्हणजे अर्धा दिवस रस्त्यातच जायचा. माल असाच उशिरा येणार असेल तर दुसरी बाई बघतो, असं दुकानदाराने तोंडावर सांगितलं. त्या संध्याकाळी काकूंनी सायकल जिन्याखालून ओढून काढली.

नव्या सुट्या भागांची ऐपत नव्हती. ऐपत नसली की डोकं चालतं. गंजलेली चेन रॉकेलच्या डब्यात बुडवली आणि जुन्या टूथब्रशने घासली. हँडलवरचा तांबूस थर गोळ्यांच्या चंदेरी पाकिटाचा बोळा करून उतरवला. तेल मशीनचंच. सायकल दुरुस्तीवाल्याच्या जॅकेटला अस्तर लावून दिलं आणि बदल्यात त्याच्या टाकाऊ डब्यातली ब्रेकची वायर, रबरं आणि एक पायडल उचललं. फाटक्या पर्सचं रेक्झिन उसवून सीटला कव्हर शिवलं, दुहेरी टिपेचं. जिथे रंग उडाला होता तिथे जाऊबाईंची लाल नेलपॉलिश लावली. गियर सगळे लागेनात. जे लागले त्यांचे लाड केले, जे रुसले त्यांना रुसू दिलं.

सायकल उलटी ठेवून हाताने पायडल फिरवलं की मागचं चाक असं गरगरायचं, की काकू जेवण विसरून बघत बसायच्या.

नवरा म्हणाला, "एवढा जीव माझ्या कमरेवर लावला असतास तर मीही पळालो असतो."

"तुमचे सुटे भाग कुठे मिळतात?" काकूंनी विचारलं आणि स्क्रू घट्ट पिळला.

आणि आता, सायकल अशी नवरीसारखी सजल्यावर, अध्यक्ष भंगारवाल्याला घेऊन हजर. काकू चोर म्हणाल्या तरी ते चिडले नाहीत. मोठ्या कचेरीतून साहेब म्हणून निवृत्त झालेला माणूस. शिव्या खायची सवय होती.

"काकू, मी रोज बघतो," ते म्हणाले. "तुम्ही ही हाताने ढकलत नेता, हाताने ढकलत आणता. चालते म्हणता ना? मग चालवून दाखवा. नाहीतर जाऊ द्या गाडीवर."

काकूंनी सुई टोचू नये म्हणून बोटात घातलेलं अंगुस्तान एकदा गोल फिरवलं.

"मी चालवली तर म्हणाल, हिच्या हातची म्हणून चालली. तुम्हीच बसा. मोडून पडली तर मी स्वतः उचलून गाडीवर टाकते."

अध्यक्ष जरा घुटमळले. तेवढ्यात वरच्या गॅलरीतून त्यांच्याच बायकोचा आवाज आला. "बसा की. घरातल्या व्यायामाच्या सायकलवर तर माझे टॉवेलच वाळतात."

मग इलाजच राहिला नाही. अध्यक्षांनी विजारीचे पाय दुमडले आणि ते बसले. गुडघे थेट हनुवटीला.

"सीट एवढी खाली कोणी ठेवली?"

"माझ्या शिलाईच्या स्टुलाएवढी आहे," काकू म्हणाल्या. "टेप लावून बघा."

हसू दाबत लोकांनी वाट करून दिली. पहिली फेरी अध्यक्षांनी श्वास रोखून मारली. दुसऱ्या फेरीला खांदे सैल पडले. तिसऱ्या फेरीला त्यांनी कारण नसताना घंटी वाजवली आणि कोणाला काही कळायच्या आत ते फाटकातून बाहेर पडून टेकडीच्या रस्त्याला लागले. भंगारवाल्याने एक विडी संपवली, दुसरी पेटवली. काकूंना पहिल्यांदाच धास्ती वाटली, सायकलची.

साहेब उतारावरून आले ते ओरडतच. शर्ट बाहेर, केस उभे, चेहरा लालबुंद. ब्रेक दाबला आणि काकूंच्या चपलेपासून वीतभर अंतरावर चाक थांबलं. त्यांनी भंगारवाल्याला हातानेच निघायची खूण केली. मग उतरावंसं वाटत नसल्यासारखे थोडा वेळ तसेच बसून राहिले.

"फक्कड गाडी आहे," ते धापा टाकत म्हणाले. "पण मग काकू, तुम्हाला मी हिच्यावर एकदाही कसं पाहिलं नाही?"

काकूंनी त्यांच्या हातातून हँडल घेतलं.

"मशीनवर अर्धं आयुष्य पाय मारलेत साहेब, तेवढं येतं मला. मशीन कधी आडवी पडत नाही. तोल सावरायला कोणी शिकवलंच नाही. नियम तुमचा, आणि चालते हेही तुम्हीच सिद्ध केलंत. तेव्हा आता सरळ सांगा, मागून सीट धरून पळायला उद्या किती वाजता येताय?"